मत्स्यपेटीतील हिरवाई : वनस्पतींची आणि प्रकाशाची निवड

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. काचेआड पोहणारे मासे पाहून परतलेल्या किती मुलांनी घरी तसाच हट्ट धरला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. आज शाळांच्या प्रयोगशाळा, दवाखाने, कार्यालयांतील अभ्यागत-कक्ष आणि मध्यमवर्गीयांचे दिवाणखाने यांतून गोड्या पाण्याची मत्स्यपेटी सर्रास आढळते. तथापि, मोठ्या हौसेने मांडलेली अशी पेटी वर्षभरानंतर जागेवर टिकून असल्याचे क्वचितच दिसते.

प्रस्तुत लेखकाच्या कार्यालयातही अशी एक पेटी होती. अभ्यागतांना सहज दिसावी म्हणून ती पूर्वेकडील खिडकीलगत ठेवण्यात आली. शोभा वाढावी म्हणून तीवर दोन ट्यूबलाइट बसविण्यात आल्या आणि त्या कार्यालय उघडल्यापासून रात्री पहारेकरी कुलूप लावीपर्यंत जळत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात पाणी मुगाच्या कढणासारखे हिरवे झाले. शिपायाने सगळे पाणी उपसून पेटी घासली. आठ दिवसांत पुन्हा तीच गत. चौथ्या सफाईनंतर उरलेले मासेही दगावले आणि पुढे बरेच दिवस त्या पेटीत कोरे लिफाफे ठेवले जात. त्या वेळी सर्वांनी दोष दिला तो माशांना व नळाच्या पाण्याला. खरे कारण डोक्यावर लखलखत होते, ते कोणाच्या ध्यानी आले नाही. कला शाखेच्या पदवीधराला ही गोष्ट उशिरा उमजली, हे कबूल करावयास हवे. परंतु विज्ञान शिकविणाऱ्या शाळांतही हीच चूक घडत असल्याचे पाहिल्यावर तिची चर्चा करणे आवश्यक वाटले.

पाण्यातील देवघेव

पाण्यात बुडालेल्या हिरव्या पानांतून बुडबुडे निघतात, ते फक्त उजेडात निघतात आणि ते प्राणवायूचे असतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये प्रयोगांती दाखवून दिले. हायड्रिलाची डहाळी नसराळ्याखाली ठेवून वर परीक्षानळी उपडी घालण्याचा शालेय प्रयोग याच शोधाचा वारसदार होय. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुड्यांचा वेग वाढतो, हे शिक्षकांनी पाहिलेले असते. सोड्यातून वनस्पतीला जादा कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे त्याचे कारण. मत्स्यपेटीचे अर्धे शास्त्र या एका प्रयोगात सामावलेले आहे.

उरलेले अर्धे रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मांडले. काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती त्याने एकत्र ठेवली. मासे जो कार्बन डायऑक्साइड सोडीत तो वनस्पती घेई आणि मोबदल्यात प्राणवायू देई. पुढे जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकट भाग खाऊन टाकला आणि भांडे पुन्हा निवळले. घरगुती मत्स्यपेटीचा उगम बहुतेक लेखक येथे मानतात.

या देवघेवीत आणखी एक व्यवहार असतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. हा पदार्थ माशांना विषासमान, तर वनस्पतींना खताप्रमाणे. म्हणजे जिवंत वनस्पती ही पेटीची सफाई कामगार असते. प्लॅस्टिकच्या वेलीकडून हे काम होत नाही. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते. रात्रभर मासे आणि वनस्पती दोघेही प्राणवायू घेत असल्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. हिरव्यागार झालेल्या गावतळ्यातील मासे पहाटेच पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात, त्याचे कारणही हेच. यास्तव वनस्पती आहेत म्हणून हवा सोडणारा पंप रात्री बंद करण्याची काटकसर करू नये.

दोन प्रकारचे ‘शेवाळ’

आपल्या भाषेने या बाबतीत थोडा घोटाळा करून ठेवला आहे. दगडावर जमणारी निसरडी साय, पाणी हिरवे करणारे सूक्ष्म जीव आणि तळ्यात वाढणारी हायड्रिलासारखी पानाफुलांची वनस्पती, या तिन्हींना व्यवहारात ‘शेवाळ’ असेच म्हटले जाते. यांतील पहिली दोन म्हणजे शैवाल. त्यांना मूळ, खोड, पान असे अवयव नसतात. तिसरी सपुष्प वनस्पती होय. या दोन वर्गांत प्रकाश आणि अन्न यांसाठी सतत चुरस चालते. यजमानाला पाहिजे असते वनस्पती, आणि तो आपल्या हाताने जिंकवितो शैवालाला.

असे का घडते, याचे उत्तर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्लॅकमन याने १९०५ मध्ये मांडलेल्या तत्त्वात सापडते. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, उष्णता अशा अनेक गोष्टींवर प्रकाशसंश्लेषण अवलंबून असते, परंतु त्याचा वेग ठरतो तो यांपैकी जी सर्वांत अपुरी असेल तिच्यावरून. बैलगाडीची दोन चाके कितीही मजबूत असोत, बैल थकला की गाडी थांबणारच. घरगुती पेटीत कार्बन डायऑक्साइड येतो तो माशांच्या श्वासातून आणि हवेतून, म्हणजे बेताचाच. अशा पेटीवर दुप्पट दिवे लावले तर वनस्पतींची वाढ दुप्पट होत नाही. जो प्रकाश त्यांना वापरता येत नाही, तो थोडक्यात भागविणाऱ्या शैवालाच्या पथ्यावर पडतो. दिवा हा गाडीचा चाबूक आहे, चारा नव्हे.

म्हणून वनस्पतींच्या दुकानात जाण्यापूर्वी प्रकाशाचा निर्णय घ्यावा, आणि त्या प्रकाशात सुखाने नांदतील अशाच वनस्पती आणाव्यात. व्यवहारात बहुधा उलटे होते. मन वेधून घेणारी तांबडी वनस्पती आधी घरी येते. मग तिच्यासाठी दिवे वाढविले जातात. दिव्यांमागोमाग शैवाल येते.

दिवा किती आणि किती वेळ?

दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे छापलेले असतात. वॅट म्हणजे दिवा वीज किती घेतो. ल्युमेन म्हणजे प्रकाश किती देतो. आणि केल्विन हा आकडा प्रकाशाचा वर्ण सांगतो. जुन्या पुस्तकांत दर लिटरमागे अमुक वॅट असा नियम आढळतो. तो तारेच्या बल्बच्या आणि ट्यूबलाइटच्या काळातील असल्याने एलईडी दिव्यांना लावणे चुकीचे ठरेल. आता ल्युमेनवरून हिशेब करावा. ढोबळ मानाने दर लिटर पाण्यास १० ते २० ल्युमेन हा मंद, २० ते ४० हा मध्यम आणि त्यापुढे तीव्र प्रकाश समजला जातो.

उदाहरणादाखल दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी घेऊ. तिचे आकारमान सुमारे ५४ लिटर. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता ४५ लिटर पाणी राहते. लिटरमागे २० ल्युमेन धरल्यास ९०० ल्युमेन पुरेत. नऊ-दहा वॅटची, दोन फुटी एलईडी नळी साधारण तेवढाच प्रकाश देते आणि ती विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते. रोज आठ तास लावल्यास महिन्याला अडीच युनिटांहून कमी वीज लागेल. पूर्वी याच पेटीवर ४० वॅटचे दोन बल्ब लावीत, तेव्हा हा आकडा १९ युनिटांच्या घरात जाई, शिवाय पाणी तापे ते वेगळेच. पेटी दीड फुटापेक्षा खोल असल्यास मात्र तळाशी प्रकाश बराच कमी पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे.

वर्णाच्या बाबतीत ६५०० केल्विनचा शुभ्र, दिवसाच्या उजेडासारखा दिवा घ्यावा. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते, हे खरे. त्यावरून ‘खास वनस्पतींसाठी’ म्हणून जांभळट दिवे विकले जातात. परंतु शुभ्र प्रकाशात हे दोन्ही वर्ण असतातच. जांभळट दिव्याखाली मासे आणि पाने दोन्ही आजारी दिसतात, असे आमचे मत आहे.

वेळेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. नव्या पेटीस पहिला महिनाभर रोज सहा तासच प्रकाश द्यावा. वनस्पतींनी मूळ धरून नवी पाने काढली की तो आठ तासांपर्यंत वाढवावा. त्यापुढे जाण्याचे कारण नाही. हे तास रोज ठरावीक असावेत. माणसाच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा सॉकेटला जोडावयाचा साधा टायमर बसविणे श्रेयस्कर. जेथे वीज वारंवार जाते तेथे त्याचे घड्याळ अधूनमधून तपासावे. पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नये. खिडकीतून येणाऱ्या तासाभराच्या कोवळ्या उन्हापुढे दिव्याचा सगळा हिशेब फुकट जातो. आमच्या कार्यालयात झाले ते हेच.

दिवा आणि पाणी यांमध्ये काचेचे झाकण हवे. वायर पेटीवरून सरळ सॉकेटात न नेता मध्ये खाली झोळ सोडावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाण्याचे थेंब सॉकेटात न शिरता खाली गळतील. शाळेच्या पेटीत ही काळजी अनिवार्य समजावी. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, पेटीतील पाणी फार तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तेव्हा दिव्याची वेळ सकाळच्या प्रहरात आणावी आणि काचेऐवजी जाळीचे झाकण घालावे. जाळीतून दिव्यावर शिंतोडे उडतात, म्हणून त्या दिवसांत दिवा थोडा उंचावर टांगावा.

कोणती वनस्पती आणावी?

वनस्पती मूळ कोठे वाढते हे विचारले की तिची प्रकाशाची गरज बहुतांशी कळते. सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी, झाडांच्या सावलीत क्रिप्टोकोरिन कुळातील वनस्पती आढळतात. त्यांतील स्पायरॅलिस ही जाती आपल्या पश्चिम घाटातली असून मत्स्यपेटीच्या व्यापारात ती दूरवर पोहोचली आहे. सावलीत वाढलेली ही मंडळी मंद प्रकाशात समाधानी असतात. त्यांचा एक विक्षिप्तपणा मात्र माहीत असावा. जागा बदलली की काही दिवसांत त्यांची सगळी पाने विरघळल्यासारखी गळून पडतात. नवखा यजमान ती मेली असे समजून उपटून टाकतो. वस्तुतः मुळे शाबूत असतात. तीन-चार आठवडे धीर धरल्यास नवी पाने फुटतात.

मंद प्रकाशासाठी आग्नेय आशियातील जावा फर्न आणि पश्चिम आफ्रिकेतील ओढ्यांकाठची ॲन्युबियस या दोन्ही खात्रीच्या. त्यांचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते. दगडाला किंवा लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्याने बांधून ठेवावे. वाढ अगदी सावकाश होते, महिन्याला एखादे-दुसरे पान. जावा मॉसही याच वर्गातले.

शाळेसाठी निवड करावयाची झाल्यास आमचे मत निःसंशय व्हॅलिस्नेरियाच्या बाजूने पडेल. रिबिनीसारखी लांब पाने, मध्यम प्रकाश आणि कठीण पाणीही चालवून घेण्याचा स्वभाव यांमुळे बोअरवेलच्या पाण्यावरही ती तगते. वाळूतून धावते खोड पाठवून ती आपली पिल्ले स्वतःच तयार करते. शिवाय परागणाचा जो चमत्कार पाठ्यपुस्तकात चित्ररूपाने असतो, तो हिचाच. नरफुले तळाशी सुटून पृष्ठभागावर तरंगत येतात. मादीफूल लांब देठावर वर येऊन त्यांची वाट पाहते. परागण झाले की देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. नर व मादी झाडे वेगळी असल्यामुळे प्रत्येक पेटीत हे दृश्य दिसेलच असे नाही, पण एकदा जरी दिसले तरी त्या वर्गाचा तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. लावताना मुळे वाळूत आणि पानांचा बुंधा वाळूच्या वर, एवढे पथ्य पाळावे.

हायड्रिला गावातल्या तळ्यात फुकट मिळते व झपाट्याने वाढते. नव्या पेटीतील अमोनिया शोषून घेण्यास तिच्याइतकी तत्पर दुसरी वनस्पती नाही. तळ्यातून आणताना तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या आणि जळवाही येऊ शकतात. म्हणून पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ पाण्यात खळबळून मगच पेटीत सोडावी. औषधी म्हणून घरोघरी माहीत असलेली ब्राह्मी, म्हणजे जलब्राह्मी, पाण्याखालीही वाढते, हे वाचून काहींना नवल वाटेल. तिला मध्यम ते तीव्र प्रकाश लागतो. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन सोर्ड मोठ्या पेटीत शोभते, पण ती मुळांवाटे भरपूर अन्न मागते. तांबड्या पानांच्या बहुतेक वनस्पतींना तीव्र प्रकाश आणि सिलिंडरमधून दिलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. त्या छंदात मुरलेल्यांसाठी सोडून द्याव्यात.

ग्राहकांनी सावध राहावे अशी एक बाब येथे नमूद केली पाहिजे. ड्रॅसिनासारखी, काठावर पांढऱ्या रेषा असलेली ताठ पानांची काही झाडे पाण्यात बुडवून ‘पाणवनस्पती’ म्हणून विकली जातात. ती जमिनीवरची असतात. पाण्याखाली ती महिना-दोन महिने तग धरतात, मग कुजून पाणी बिघडवितात. पाण्याबाहेर काढल्यावर बहुतेक खऱ्या पाणवनस्पती लुळ्या पडतात. ॲन्युबियस व जावा फर्न हे त्याला अपवाद.

लागवड

दोन-तीन मिलिमीटर जाडीची वाळू धुऊन पाच-सहा सेंटिमीटरचा थर द्यावा. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले टाळावेत, कारण ते विरघळून पाणी कठीण करतात. एखाद्या दगडाबद्दल शंका असल्यास त्यावर लिंबू पिळून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे. वनस्पती पहिल्याच दिवशी आणि भरपूर लावाव्यात. मासे त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणि थोडे थोडे सोडावेत. विरळ लागवड आणि गच्च मासे हा क्रम शैवालास आमंत्रण देतो. दर आठवड्यास पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. एवढे करूनही पाणी हिरवट दिसू लागले, तर पेटी घासून काढण्याच्या आधी दिव्याचे दोन तास कमी करावेत.

आमच्या कार्यालयातील पेटीतले लिफाफे पुढे कपाटात गेले. पेटी आतल्या भिंतीशी आली, दोनऐवजी एकच नळी राहिली आणि ती दहा ते पाच एवढीच लावली जाऊ लागली. आरंभी हायड्रिला, दोन महिन्यांनी व्हॅलिस्नेरिया. “साहेब, दिवा आपल्याबरोबर घरी गेला की पाणी निवळ राहतं,” असे शिपायाने सांगितले, ते या लेखातील सगळ्या आकड्यांहून सुटसुटीत आहे.

छाटणीचे काय करावे?

पेटी चांगली चालली की वनस्पती वाढतात, आणि वाढल्या की छाटाव्या लागतात. या छाटणीचा प्रश्न घरापुरता राहत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष घालावे असा हा विषय आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली असे मानतात. आज पवना, इंद्रायणी, पंचगंगा आणि उल्हास या नद्यांची पात्रे ती कशी झाकून टाकते हे वेगळे सांगावयास नको. केरळातील कोझिकोड जिल्ह्यात आवळ पांडी येथील कालवा २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरून गेला आणि तो पाहावयास लोकांची झुंबड उडाली. ती फुले होती अमेरिका खंडातून आलेल्या कॅबोम्बाची, जी मत्स्यपेटीसाठी सर्रास विकली जाते. याची दुसरी बाजूही आहे. आपली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेटीच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लॉरिडात पोहोचली, तेथील जलाशयांत सुटली आणि ती आवरणे तेथील शासनास आजवर जड जात आहे. या वनस्पतींना पसरण्यास बी लागत नाही. बोटभर तुकडा पुरतो. म्हणून पेटीतील छाटणी किंवा तुकडे असलेले पाणी गटार, ओढा, विहीर अथवा गावतळे यांत टाकू नये. जुनी पेटी मोडताना तर अशी चूक हमखास घडते.

तशीच काळजी उलट दिशेनेही घ्यावयास हवी. सातारा परिसरातील कासच्या पठारावर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वायतुरा ही दुर्मीळ वनस्पती फुलते. तिचा फुलोरा ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो. तिची काही भावंडे दुकानात कंदरूपाने मिळतात, म्हणून हिचेही कंद उपटून आणावेत असे एखाद्या उत्साही सहलकऱ्यास वाटू शकते. कोरड्या महिन्यांत जमिनीत विश्रांती घेणारी ही वनस्पती बारमाही पाण्याच्या पेटीत नांदणारी नव्हे. शिवाय कास हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात २०१२ मध्ये समाविष्ट झालेले राखीव क्षेत्र आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे निघण्यापूर्वीच सांगावे.

छाटलेल्या वनस्पती उन्हात कडक वाळवून कुंडीत किंवा कंपोस्ट खड्ड्यात घालाव्यात, आणि पेटीतून काढलेले पाणी गाळून झाडांना द्यावे. आमच्या कार्यालयातील छाटणी पत्र्यावर दोन दिवस वाळून आवारातील जास्वंदीच्या आळ्यात जाते.